मागची तार

माझ्या बाबांच्या पाठीत दोन सळया आहेत. दोन वर्षांपूर्वी ओहोटीला कलंडलेल्या बोटीला रंग देताना ते फळीवरून घसरले, वापीच्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि जन्मभर बोटीचे कप्तान राहिलेले काळू तांडेल तेव्हापासून ताठ बसतात, ताठ उठतात आणि चप्पल सापडली नाही तर पायाने चाचपत राहतात. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, पाठीला झटका बसू द्यायचा नाही, बाकी चालायला-फिरायला हरकत नाही. चालण्या-फिरण्याचं बाबांना कधीच कौतुक नव्हतं. त्यांना समुद्रावर जायचं होतं.

मासेमारीच्या बोटीवर त्यांना नेणं शक्यच नव्हतं. तिथे केबिनमध्ये शिरायचं तर रांगत, आणि जाळ्यांच्या ढिगावरून जायचं तर उड्या मारत. म्हणून बाबा धाकटी डहाणूतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून खाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीचे दोष काढायचे. याने बर्फ सगळा मागे भरला, त्याला भरती कळत नाही, तिसऱ्याचा बाप बरा होता. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. वाणगावच्या बाजारात मासे विकून परतले की त्यांच्यासाठी डबा घेऊन जायचे, आणि दुपारचा डबा तसाच पडलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. मी तोंडाचा पट्टा सोडायचे. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे की एकदा फक्त बाहेर जाऊन येतो, मग काय व्हायचं ते होऊ दे. व्हायचं ते घरातच होऊ दे, मी म्हणायचे, निदान दवाखाना जवळ पडेल.

माझा धाकटा भाऊ नविन मुंबईला एका शेठच्या शिडाच्या होडीवर कामाला होता. मासे वगैरे काही नाही, शेठ-शेठाणीला रविवारी वारा खायला न्यायचं, एवढंच. शेठ मुलाकडे परदेशात कायमचा गेला आणि जाताना नविनला म्हणाला, ही होडी इथे सडण्यापेक्षा तूच घेऊन जा. आमचा शहाणा ती किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूला घेऊन आला. पांढरी, फायबरची, आत दोन माणसं झोपतील एवढी खोली आणि वर अॅल्युमिनियमच्या पाइपाची उंच डोलकाठी. तो पाइप चारी बाजूंच्या तारांनी उभा धरलेला. धक्क्यावरच्या लोकांनी ती पहिल्याच दिवशी पाहिली आणि तिचं नाव ठेवलं अगरबत्ती.

बाबांनी काही महिने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एका संध्याकाळी ओट्यावरून त्यांनी नविनला विचारलं, त्या अगरबत्तीत ताठ बसून जाता येतं काय. नविन खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, नाही येत. शिडाची खालची कड एका आडव्या दांड्याला बांधलेली असते, आणि होडी वळताना तो दांडा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवरून या बाजूचा त्या बाजूला जातो. म्हणून असल्या होडीवर पहिलं शिकवतात ते डोकं खाली घालायला. ज्याला डोकं खाली घालता येत नाही, त्याचं काम नाही.

"मग दांडा वर घे," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं, विषय तिथे संपेल. पण नविनच्या डोक्यात तो किडा गेला. पुढचे कितीतरी दिवस तो खाडीच्या चिखलात उभ्या असलेल्या त्या होडीवर काही ना काही खटपट करत राहिला. दांडा दोन-अडीच वीत वर चढवला. त्यासाठी शीड खालून कापून पुन्हा शिवावं लागलं. शिवताना बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक टाक्याला नावं ठेवत राहिले. वाणगावच्या एका सलूनमधली जुनी खुर्ची, उंच पाठीची, डोकं टेकायची गादी असलेली, नविनने कुठूनशी मिळवली आणि होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणूच्या दांड्याशी, बोल्ट मारून बसवली. मला हे सगळं बघून हसू यायचं.

शेवटी अडचण आली ती मागच्या तारेची. डोलकाठीच्या शेंड्यापासून होडीच्या मागच्या टोकाच्या बरोबर मधोमध एक तार खाली येत होती. खुर्ची बसली ती नेमकी तिथेच. शिवाय दांडा वर घेतल्यामुळे त्याचं टोक वळताना त्या तारेला घासायला लागलं. नविन दोन दिवस नुसता बसून होता. मग त्याने ती तार काढून टाकली आणि तिच्या जागी शेंड्यापासून दोन दोर घेतले, एक डाव्या कोपऱ्याला, एक उजव्या. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचा दोर ताणून बांधायचा आणि दुसरा सैल सोडायचा, म्हणजे शिडाला बाहेर जायला वाट मिळते. परदेशी होड्यांवर असं असतं, तो मला म्हणाला. पण सांगताना तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, ते मी बघितलं.

बाबांना मात्र हे दोर बघून हुरूप आला. त्यांच्या तरुणपणी इंजिनं यायच्या आधी शिडाचे मचवे होते आणि मचव्यावर हेच काम होतं. डोलकाठीचा दोर वाऱ्याच्या बाजूला बांधलेला असायचा. होडी पालटायची वेळ आली की आधी दोर सोडायचा, मग शीड फिरवायचं, मग तोच दोर दुसऱ्या बाजूला नेऊन आवळायचा. सोड, फिरव, बांध. नविनने त्यांना समोर बसवून सांगितलं की इथे उलटं आहे. मचव्याची डोलकाठी म्हणजे झाडाचं खोड, होडीच्या तळात रोवलेलं, दोर नसला तरी क्षणभर उभं राहणारं. हा पोकळ पाइप तारांवर उभा आहे. मागून वारा असताना मागचा दोर सुटला तर पाइप पुढे जाईल आणि मोडून कुणाच्याही अंगावर पडेल. म्हणून आधी दुसरा दोर ताणायचा, तो पक्का झाला की मगच पहिला सोडायचा.

"आणि दोर माझे," नविन म्हणाला. "तुम्ही फक्त सुकाणू धरायचं. दोराला हात लावायचा नाय."

बाबा म्हणाले की समजलं, ते काय शाळकरी पोर आहेत काय.

त्यानंतर मी माझी अट घातली. आमच्या घरात अट घालायला मला कुणी सांगावं लागत नाही. मी म्हटलं की या जाण्यात बाबांच्या हातून काही चूक झाली, तर पुन्हा होडीचं नाव काढायचं नाही. ओट्यावर बसायचं आणि पोटभर जेवायचं. तांडेलाचा शब्द म्हणजे काय असतो हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो मागत होते. शेवटी ते म्हणाले, दिला. शेजारच्या दोन-तीन घरांनीही ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या धक्क्याला कळलं.

दुसरी अट अशी की मीही जाणार. यावर मात्र गहजब झाला. आमच्यात बाई होडीवर चढत नाही. खांदे लावून होडी वाळूवर ओढायला बाई चालते, मासे निवडायला, सुकवायला, डोक्यावर पाटी घेऊन विकायला चालते, पण होडीत तिचा पाय नको. बाबांनाही ते पटेना. मी म्हटलं, वाकता न येणाऱ्या माणसाला मी एकट्या नविनच्या भरवशावर पाठवणार नाही, मी नाही तर तुम्हीही नाही. नविन म्हणाला की ही काही मासेमारीची होडी नाही, हिच्यात जाळंच नाही. बाबांची बहीण मालूआत्या तिच्या दारातून ऐकत होती. होडी ती होडी, ती म्हणाली आणि आत निघून गेली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, भरतीचं पाणी धक्क्याला लागलेलं असताना, आम्ही निघालो. धक्क्यावरून होडीवर टाकलेल्या फळीवरून बाबा एकेक पाऊल टाकत गेले, सलूनच्या खुर्चीत बसले आणि सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला. त्यांच्या मागोमाग मी पाय ठेवला. जिच्या जिवावर मी आणि माझी पोरं जगलो, त्या समुद्राचं पाणी मी आयुष्यभर फक्त गुडघ्यापर्यंत बघितलं होतं.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. थर्मल वीजकेंद्राची चिमणी मागे राहिली, दीपगृह बारीक झालं. बाबा मला खुणा दाखवत होते. चिमणी आणि दीपगृह एका रेषेत आली की खाली खडक, चिमणी माडांच्या डावीकडे सरकली की मोकळं पाणी. दोन वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत बोलताना ऐकलं नव्हतं. एक-दोनदा नविनने होडी वळवायला सांगितली, दांडा बाबांच्या डोक्यावरून सरकत गेला आणि बाबा ताठ बसल्या बसल्या त्याच्याकडे बघून हसले. मला ओकारी आली तेव्हा तर ते मोठ्याने हसले. मला राग आला नाही. मी चुळा भरत त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते की आता परत फिरा, एवढं पुरे, हे असंच घरी घेऊन जाऊ या.

आत घ्यायला दुपार टळून पाणी पुन्हा चढायची वाट बघावी लागली, आणि तोवर उत्तरेकडचा वारा वाढला. पाण्यावर पांढरं उठायला लागलं. नविनचा चेहरा बदलला. खाडीच्या तोंडाशी डाव्या हाताला जाळ्यांचे खांब रोवलेले आहेत, उजवीकडे मोकळं पाणी आहे, पण मधली वाट अरुंद आणि वाकडी. खांबांच्या अलीकडे होडी उजवीकडे वळवावी लागते, आणि वारा मागून असेल तर त्या वळणावर शीड एका बाजूचं उसळून दुसऱ्या बाजूला जातं. नविन म्हणाला, शीड उतरवू आणि इंजिनावर आत जाऊ. इंजिन म्हणजे बाजूला लटकवलेला एक छोटा खोका होता.

"शिडाने गेलो, शिडाने येणार," बाबा म्हणाले. "धक्क्यावर सगळे बघतायत."

मी नविनकडे बघितलं. त्याने ऐकायला नको होतं. पण दोन वर्षांनी बाप सुकाणूवर बसला होता, आणि त्याच्याच्याने नाही म्हणवलं नाही. त्याने मला दांड्याचा दोर दाखवला, जो ओढला की शीड आत येतं आणि सोडला की बाहेर जातं, आणि माझ्या हाती देऊन म्हणाला की सांगितल्याशिवाय काही करू नको. डावा मागचा दोर ताणलेला होता, उजवा सैल. आता वळणापाशी पोचलं की आधी उजवा ताणायचा, मी शीड आत ओढायचं, मग डावा सोडायचा. त्याने ते मोठ्याने दोनदा म्हटलं. बाबा पुढे बघत होते.

वळण जवळ येत होतं तेवढ्यात पुढचं छोटं शीड फडफडलं आणि पुढच्या तारेला गुंडाळलं गेलं. होडी एका अंगाला खेचायला लागली. नविन शिव्या देत पुढे धावला. जाता जाता ओरडला की सरळ धरा, मी येईपर्यंत वळायचं नाही. तो तिथे पालथा पडून शीड सोडवत होता आणि ते सुटत नव्हतं. खांब मोठे होत गेले. त्यांच्यावर चिकटलेली कालवं मला दिसायला लागली. मी नविनला हाक मारली, पण वाऱ्यात त्याला ऐकू गेली नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा शांत होता, घरात कधी दिसला नव्हता इतका शांत, आणि मला तेव्हाच भीती वाटली.

थांबलं असतं तर आम्ही खांबांवर गेलो असतो, हे खरं आहे. बाबांनी वळायचं ठरवलं ते बरोबरच होतं. एका हाताने त्यांनी सुकाणू ढकललं. आणि दुसरा हात, न बघता, न थांबता, डाव्या दोराकडे गेला आणि गाठीची एक ओढ देऊन त्याने दोर सोडून दिला. आधी सोड, मग फिरव. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शिकलेला हात होता तो. मी बघितलं, माझं तोंड उघडलं, आणि आवाज फुटेपर्यंत दोर वर निघून गेला होता.

डोलकाठी पुढे गेली. मी ते डोळ्यांनी बघितलं, तिचा शेंडा वाकला आणि बाजूच्या तारा किंचाळल्या. त्याच क्षणी वारा शिडाच्या पाठीत शिरला आणि दांडा उजवीकडून सुटला. तो बाबांच्या डोक्यावरून असा गेला की त्यांची टोपी उडून पाण्यात पडली. नविनने वर घेतला नसता तर त्या दांड्याने त्यांचं डोकं नेलं असतं. पण आता तो पाइप मोडला असता तर तोही त्यांच्याच अंगावर आला असता, आणि त्यांना वाकून बाजूला होता आलं नसतं. ते तसेच ताठ बसले होते. बसण्याशिवाय ते काय करणार होते?

"ताई, ओढ," नविन पुढून ओरडला. "दोर ओढ, सोडू नको. बाबा, वाऱ्यात घाला."

मी ओढला. पाय खुर्चीच्या लोखंडाला लावले, पाठ मागे टाकली आणि ओटीपोटातून ओढला. चिखलातून होडी वर खेचताना जसा ओढते तसा. शीड आत आलं तसं ते मागे ताणलं गेलं, आणि त्या ताणाने डोलकाठीचा शेंडा मागे धरला गेला. बाबांनी सुकाणू दाबून धरलं होतं. होडी उजवीकडे गोल फिरून वाऱ्याला तोंड करून उभी राहिली. नविनने पुढचं शीड फाडूनच खाली आणलं. मग नुसता फडफडाट उरला. माझ्या तळव्यांची सालटी निघाली होती आणि मी तरीही दोर सोडत नव्हते. नविनने येऊन माझी बोटं एकेक करून उघडली.

त्याने दोन्ही मागचे दोर पुन्हा आवळले, मोठं शीड उतरवलं आणि इंजिन चालू केलं. डोलकाठी उभी होती, पण मधून किंचित वाकडी झाली होती. बाबांचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांना मिठी मारायची होती आणि ओरडायचं होतं. नविन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की गाठ सुटली असं सांगू. मी मानेने हो म्हटलं. काळू तांडेलाचा दोर चुकला हे धक्क्यावर कळावं, असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

पण धक्क्याने सगळं बघितलं होतं. आम्ही लागलो तेव्हा माणसं कडेला येऊन उभी होती आणि मालूआत्या सगळ्यांच्या पुढे होती. नविनने उडी मारून दोर बांधला आणि फळी टाकली. बाबा अजून खुर्चीतच होते. दिपककाकांनी, म्हणजे धक्क्यावरच्या बोटवाल्यांत ज्यांचा शब्द चालतो त्यांनी, विचारलं की काय झालं. नविन म्हणाला, गाठ सुटली.

"तू मारलेली गाठ?" दिपककाका म्हणाले. "तू मारलेली गाठ आजपर्यंत सुटल्याचं ऐकलं नाय मी. आजच कशी सुटली?"

नविन खाली वाकून धक्क्याला बांधलेला दोर पुन्हा आवळायला लागला. मालूआत्याने माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. ती म्हणाली की तिने आधीच सांगितलं होतं. बाई चढली आणि डोलकाठी वाकली, आता आणखी काय बघायचं राहिलंय? देवाने तिघांना जिवंत आणलं हेच खूप. मागे कुणीतरी म्हणालं की आमच्याही बोटी उद्या जाणार आहेत. दिपककाका वाईट माणूस नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. लोकांच्या मनात भीती बसलीय, ते म्हणाले, तेव्हा कविताने, म्हणजे मी, समुद्राला नारळ द्यावा आणि होळीपर्यंत धक्क्यावर येऊ नये. तोपर्यंत कुणी बोटवाला तिला माल देणार नाही. होळी झाली की बघू.

धक्क्यावर यायचं नाही म्हणजे मी वाणगावला काय नेणार होते, रिकामी पाटी? माझ्या जिभेवर सगळं आलं. आयुष्यात मी असं ऐकून घेतलं नव्हतं. पण एक शब्द जरी बोलले असते तरी पुढचा प्रश्न होता, मग दोर कुणी सोडला. मी सोललेले तळवे पदराखाली घेतले आणि गप्प उभी राहिले. मी गप्प आहे हे बघून मालूआत्यासुद्धा जरा चपापली.

"दोर मी सोडला," बाबा म्हणाले.

लोक आपसात बोलत होते, त्यांना ऐकू आलं नाही. बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उभं केलं. ते उभे राहताना नेहमी नविन किंवा मी हात देतो, या वेळी आम्ही दोघेही जागचे हललो नाही.

"गाठ नाय सुटली. दोर मी सोडला, या हाताने. नविन बोलला होता, हात लावू नको. मी लावला. हिने शिडाचा दोर धरला म्हणून आम्ही तिघं आलो. तिचे हात बघा."

मालूआत्या म्हणाली की पोरीला वाचवायला बोलतोयस तू, दादा. तुझा दोर चुकेल काय कधी.

"मालू, मी तांडेल हाय," बाबा म्हणाले. "माझी चूक मला नाय कळणार?"

दिपककाका म्हणाले की तसं असेल तर कविताचा काही प्रश्न नाही, तिने उद्या खुशाल यावं. आणि मग, काहीतरी विचारायलाच हवं म्हणून, त्यांनी बाबांना विचारलं की आता पुढे काय. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की शब्द दिलेला आहे, हे शेवटचं.

नविन फळीवर चढून त्यांच्याजवळ गेला. तो भराभर बोलत होता. दोर तुमच्या हाताला लागणार नाहीत असे लांब नेतो, वर जाळी बसवतो, पुढच्या वेळी दुसरा माणूस घेऊ, वारा बघून जाऊ. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ती तार परत बसव," ते म्हणाले. "दांडा खाली घे. होडी होती तशी कर. माझा हात मला न विचारता गेला, नविन. उद्या परत जाईल."

मग त्यांनी धक्क्याकडे हात पुढे केला, माझ्याकडे. मी फळीवर गेले आणि तो धरला. माझ्या तळव्याला झोंबलं, पण मी सोडला नाही. मी त्यांना हळूच म्हटलं की शब्द मला दिला होता, मी तो परत देते, मला नको आहे. त्यांनी मानेने नाही म्हटलं.

"तुला दिला होता," ते म्हणाले. "आता सगळ्यांनी ऐकला."

फळीवरून ते एकेक पाऊल टाकत आले. धक्क्यावर आल्यावर लोकांनी त्यांना वाट दिली. मागे बघायचं तर बाबांना सगळं अंग फिरवावं लागतं, आणि ते त्यांनी फिरवलं नाही. मी गेली दोन वर्षं जे मागत होते ते मला मिळालं होतं. बाबा कायमचे घरी आले होते. सगळ्या धक्क्यासमोर त्यांचा हात धरून मी चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.